आईच्या वाटचं

सकाळी दूध घेऊन वर येताना नोटीस बोर्डावर माझं नाव दिसलं. अक्षर कदमांचं होतं. कदम म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं, गोल आणि स्वतःवर खूश. ‘सोमवार दि. २६ जानेवारी २००४ रोजी सोसायटीच्या आवारात श्रीसत्यनारायणाची महापूजा. यजमान : श्री. व सौ. जयवंत मोहिते, खोली क्र. ३०४. सर्वांनी सहकुटुंब तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा.’ मी ते तीनदा वाचलं. दुधाची पिशवी गार होती आणि तिचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं, तरी मी हात बदलला नाही. मागून कोणीतरी ‘वा मोहिते, यंदा तुमचा मान!’ असं म्हणून खाली उतरून गेलं आणि मी हसलो. आठ वर्षं विरारच्या बोळिंजमधल्या ह्या इमारतीत राहून मी एवढं एक नीट शिकलो आहे: काहीही कानावर पडलं तरी आधी हसायचं, मग घरी जाऊन त्याचा अर्थ काढायचा. पण ह्या खेपेला अर्थ काढायला घरापर्यंत जावं लागलं नाही. कदमांनी मला डोंगरावर पाहिलं होतं, आणि डोंगरावर पाहिल्यानंतर, नेमकं मला, त्यांनी पूजेला बसवलं होतं.

आम्ही बौद्ध आहोत. हे वाक्य मी इतक्या सरळपणे लिहितो आहे, कारण लिहिताना शेजारी कोणी नाही. आडनाव मोहिते, गाव महाडकडचं. ह्या आडनावाची मौज अशी की ते कोणाच्याही पंगतीत खपतं. शहाण्णव साली डिलाईल रोडची चाळ सोडून इथे राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या राणेबाई वाटीभर विरजण मागायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, ‘मोहिते म्हणजे आपल्यातलेच की, साताऱ्याकडचे ना?’ मी म्हटलं, ‘हो, मूळचे तिकडचेच.’ एवढंच. पुढे मी कधी खोटं बोललो नाही. त्या एका होकाराची राखण केली फक्त. राखणीला मात्र अख्खं घर लागलं. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला गेला. दार उघडलं की साड्यांशेजारी ते दोघं, दार लावलं की अंधारात. राण्यांच्या हॉलमध्ये शोकेसमध्ये ऐटीत बुद्ध बसलेला असे, कुणाच्या तरी दिवाळीच्या भेटीतून आलेला, डोक्यावर छोटा दिवा. त्यांना तो चालत होता, शोभत होता. आम्हांला परवडत नव्हता.

सगळ्यांत जास्त आईला सोसलं. चाळीत ती पुढची बाई होती. पौर्णिमेला खालच्या विहारात पांढऱ्या साड्यांची रांग लागायची आणि वंदना सुरू करायचा मान आईचा, कारण तिच्या आवाजाला माइक लागत नसे. तिनं ‘बुद्धं सरणं’ म्हटलं की तिसऱ्या माळ्यावरच्या माझ्या अभ्यासाच्या वहीपर्यंत ते यायचं आणि मी वैतागून खिडकी लावायचो. त्या बाईला मी बोळिंजला आणून सांगितलं, ‘आई, इथे जरा हळू म्हणत जा.’ तिनं का म्हणून विचारलं नाही, आणि तेच मला आजही टोचतं. विचारलं असतं तर भांडता आलं असतं. ती आतल्या खोलीत कपाटाचं दार उघडून उभी राहायची आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीची वाट बघायची. शिट्टी झाली की तेवढ्या आवाजाच्या आडोशाला तिचा आवाज थोडा चढायचा. मग पुन्हा पुटपुट. खालच्या २०४ मध्ये फ्लॉसीबाई राहतात, वसई गावातल्या, जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्या रोज संध्याकाळी सात वाजता रोझरी म्हणतात, दार उघडं टाकून, आणि ती जिनाभर ऐकू येते. कोणाला काही वाटत नाही. आई त्या वेळेला गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून ऐकत राहायची. समोर जीवदानीचा डोंगर, पायऱ्यांवरच्या दिव्यांची माळ. एकदा म्हणाली, ‘डोंगर समोर हाय, आनि वाट दुसऱ्याची. खालची बाय तेवडी सुखी.’ सोपाऱ्याला जुना स्तूप आहे, रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. तिथे नेशील का म्हणून तिनं दोन-तीनदा विचारलं. मी नेलं नाही. तिथे विरारचं कोणी ना कोणी भेटणार. चोराच्या मनात चांदणं.

ती २००१ च्या पावसाळ्यानंतर गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं गृध्रकूटाचं काढलं होतं. चाळीतल्या विहारात कधीतरी भंतेजींनी सांगितलेलं तिला जसंच्या तसं आठवत होतं: बिहारात राजगीरला डोंगर आहे, माथ्यावर गिधाडाच्या आकाराचा खडक आहे, तथागत तिथे बसत आणि चारी दिशांना बोलत. ‘चारी दिशांना,’ हे ती दोनदा म्हणाली. मग माझा हात धरून म्हणाली, ‘तू जा एकदा. हितं सा वर्सं मी त्वांड दाबून म्हनलं. तितं गळा सोडून म्हन. माज्या वाटचं म्हन.’ मी बरं म्हटलं. मरणाऱ्या माणसाला बरं म्हणायला काही लागत नाही. तिची पुण्यानुमोदनाची वंदना आम्ही चाळीत जाऊन केली. इमारतीत सांगितलं की दिवसकार्य गावी आहे.

गेल्या डिसेंबरात मी गेलो. त्यालाही दोन वर्षं लागली. सरोजिनी, माझी बायको, आली नाही, मुलीची, क्षितिजाची, दहावी आहे म्हणून. विरारच्या विहारातून दरवर्षी यात्रा निघते, पण मी तिकडे फिरकलो नाही. कल्याणच्या अनोळखी लोकांबरोबर नाव नोंदवलं. इमारतीत सांगितलं, काशी-गयेला चाललोय. हेही खोटं नव्हतं. सारनाथ काशीला लागून आहे आणि बोधगया गयेला. गाडीत सगळे एकमेकांना जयभीम म्हणत होते, आणि तीस तास उघडपणे जयभीम ऐकून माझे खांदे सैल पडले होते. मला वाटायला लागलं होतं की मी म्हणेन. राजगीरला सकाळी धुकं होतं. रोपवेच्या पाळण्यात एकेक माणूस बसतो, पाय लोंबकळत, खाली झुडपं सरकत जातात. मी त्या पाळण्यात एकटा, शाल गुंडाळून, ओठांतल्या ओठांत सराव करत होतो. चाळीस ओलांडलेला, जन्मापासून ते शब्द ऐकलेला माणूस तीन ओळींचा सराव करत होता. वरच्या पांढऱ्या शांतिस्तूपाशी एक जपानी भिक्खू एकसुरी ढोल वाजवत होता. तिथून थोडं उतरून दुसरी वाट धरायची, विटांची, फरसबंदी. ती गृध्रकूटाकडे चढते. वाटेत गुहा आहेत, भाविकांनी त्यांच्या दगडाला सोनेरी वर्ख चिकटवून ठेवलाय. एक म्हातारी डोलीतून चालली होती, परदेशची, डोळे मिटलेली. मला आई आठवली नाही. आई आठवायला हवी असं मात्र फार आठवलं.

माथ्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर मला आवाज आला. मराठी गळ्यातली पाली आपल्याला दुरून कळते. ‘बुद्धं सरणं गच्छामि’, भरलेला, मोकळा, थोडा रडवेला आवाज. धुक्यात वरून खाली उतरत येणारा. वाटलं, बघ, इथे असं म्हणतात. आता आपण वर जायचं आणि त्या आवाजात आपला मिसळायचा. आणि मग लक्षात आलं की हा आवाज मी ओळखतो. हा आवाज मी दर वर्षी २६ जानेवारीला माइकवरून ऐकतो. वर विटांच्या जुन्या चौथऱ्यासमोर कदम उभे होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, हात जोडलेले, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. शेजारी त्यांची बायको, पांढऱ्या साडीत, पदर डोक्यावरून. ‘धम्मं सरणं,’ एवढं त्यांनी म्हटलं आणि डोळे उघडले, आणि मी समोर होतो.

तो शब्द त्यांनी पुरा केला नाही. मला आजही तो डोंगर आठवला की पहिल्यांदा ती अर्धी ओळ आठवते, हवेत लोंबकळत राहिलेली. मिठी मारायला हवी होती. दोन माणसं आठ वर्षं एका जिन्यावरून चढउतार करतात, दोघांनी कपाटात तोच फोटो लपवलेला असतो, आणि हजार मैलांवर एका डोंगराच्या टोकाला एकमेकांना सापडतात. एखाद्या सरळ माणसाला हसू फुटलं असतं, रडू तरी आलं असतं. कदमांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘अरे, मोहिते! इकडे कुठे? आम्ही आपलं असंच हो. कोणीतरी म्हणालं, जागा बघण्यासारखी आहे.’ मी म्हटलं, ‘हो ना, मीपण. गयेला आलोच होतो, म्हटलं जवळ आहे तर बघून घ्यावं.’ ते म्हणाले, ‘पाळण्याची सोय छान केलीय.’ मी म्हटलं, ‘छान केलीय, पण भीती वाटते.’ त्यांच्या बायकोनं एवढ्यात पदर डोक्यावरून काढून त्यावर तपकिरी स्वेटर चढवला होता आणि ती बटणं लावत होती, खालून वर, एक चुकलं म्हणून पुन्हा सोडून. इमारतीत त्यांनी सांगितलं होतं, बडोद्याला मुलीकडे जातोय. ते पनवेलच्या लोकांबरोबर आले होते. त्यांनीही विरारची यात्रा टाळली होती. मग आम्ही प्रवाशांसारखे हवापाण्याचं बोललो, त्यांनी मला उभं करून माझा एक फोटोही काढला, आणि आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी उतरलो. मी थोडं खाली जाऊन गुहेच्या आडोशाला थांबलो. तिथे कोणी नव्हतं. तोंड उघडलं. आत हवा होती, शब्द होते, सगळं होतं, आवाज तेवढा नव्हता. आईच्या वाटचं तसंच घेऊन मी खाली आलो.

उतरताना, पाळण्यात, आणखी एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली आणि त्यामुळे मी कदमांवर मनापासून चिडलो. पूजेला यजमान पाळीपाळीनं बसतात. आम्ही दर वर्षी काही ना काही कारण काढायचो: एकदा आई आजारी, दोनदा सरोजिनीची अडचण, बाकी वर्षं सुतक. माझा गावचा एक काका तर ह्या पूजेपायी दोनदा मेला. आणि कदमांचा नंबर कधीच आला नाही, कारण ते सेक्रेटरी. मंडप त्यांचा, माइक त्यांचा, केळीचे खांब बांधायला पुढे ते, नारळ मोजून घ्यायला ते. एवढा धार्मिक माणूस इमारतीत दुसरा नाही असं राणेबाई म्हणायच्या. जो सगळ्यांना बसवतो त्याला कोणी बस म्हणत नाही. हे मला सुचायला हवं होतं. मी आपला काकाला मारत बसलो.

नोटीस वाचली त्याच दिवशी ऑफिसातून लवकर येऊन मी कदमांना गच्चीवर गाठलं. ते टाकीत टँकरचं पाणी पडतंय का ते बघत होते. मी म्हटलं, ‘माझं नाव तुम्ही काढा.’ ते टाकीत बघतच म्हणाले, ‘मोहिते, राणेबाई काय विचारत होत्या माहितीय? काशीला जाऊन आले, मग गंगाजल कुठेय? मावंद्याचं जेवण कुठेय? मोहिते नक्की कुठले हो, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, यंदा यजमान तेच आहेत. झाल्या गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

‘म्हणजे माझ्यासाठी केलंत?’

‘मग कोणासाठी? तुमचं निघालं की लोक आणखी दारं ठोठावणार. एकदा बसा. बसलेल्या माणसाकडे पुन्हा कोणी बघत नाही.’

‘तुम्ही वर रडत होतात, कदम.’

त्यांनी टाकीचं झाकण लावलं, त्यावर दगड ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर इतकं प्रामाणिक आश्चर्य की क्षणभर मलाच शंका आली. ‘कुठे वर?’ ते म्हणाले.

मी सरोजिनीकडे आशेने आलो. तिचे वडील चळवळीतले, बावीस प्रतिज्ञा तिला झोपेतसुद्धा येतात. मला वाटलं, ही भडकेल, मी बसणार नाही म्हणेल, आणि मग तिच्या नकाराला टेकून मला माझा नकार उभा करता येईल. ती कणीक मळत होती. म्हणाली, ‘बसू या.’ मी म्हटलं, ‘तू?’ ती म्हणाली, ‘आठ वर्षं मी कपाटाचं दार सांभाळतेय. कोण आलं की लाव, गेलं की उघड. तुम्ही आईंना हळू म्हणा म्हणालात, तेव्हा बसलोच की आपण. आता पाट मांडायचा तेवढा राहिलाय.’ हिरवी साडी तिनं आधीच इस्त्रीला टाकली होती. क्षितिजा जेवणाच्या टेबलावर भूमितीचं पुस्तक उघडून बसली होती, आणि तिनं मान वर केली नाही. पण पान उलटलं नाही, हे मी पाहिलं.

तो आठवडाभर मी रोज ठरवलं. रेल्वेत ठरवलं, दाढी करताना ठरवलं. शेवटी असं ठरलं की जायचं, बसायचं, पण तोंडाने काही म्हणायचं नाही. ओठ हलवायचे. आईनं सहा वर्षं ओठ हलवले, मी एक तास हलवीन; तिनं आपलं झाकायला हलवले, मी परक्याचं टाळायला हलवीन, म्हणजे हिशेब सरळ होईल. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवून घेतो! ह्या योजनेनं मला चक्क बरं वाटलं आणि २५ तारखेला मी नीट जेवलो.

सोमवारी सकाळी झेंडावंदन झालं आणि मंडपात पूजा मांडली. जिन्यात फ्लॉसीबाई भेटल्या, खुर्ची घेऊन उतरत होत्या. दर वर्षी त्या मागच्या रांगेत येऊन बसतात आणि प्रसादाचा शिरा डब्यात नेतात. सरोजिनीची साडी बघून म्हणाल्या, ‘छान दिसते गो.’ मग मला म्हणाल्या, ‘आज आजी पायजे होती. रोज माज्या डोक्यावर तिचं चालायचं ना बारीक आवाजात, मी एकदा इचारलं, आजी, काय म्हनता हो? तर बोलली, पाढे म्हनते. पन काय गोड पाढे होते ते! आता वर कायच ऐकू येत नाय, मला चुकल्यासारखं होतं.’ मागून क्षितिजा म्हणाली, ‘आजीला पाढे येत नव्हते, आंटी. सहीलासुद्धा ती अंगठा लावायची.’ आणि ती वळली, पायऱ्या चढून वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. सरोजिनीनं माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही खाली आलो.

पाटावर बसलो. आगाशीचे गुरुजी, तरुण, चष्मेवाले, चटपटीत. समोर चौरंग, कलश, विड्याची पानं. उपरणं अंगावर टोचत होतं. राणेबाई पहिल्या रांगेत, मांडीवर नातवंड. गुरुजींनी विचारलं, ‘यजमान, गोत्र?’ माझ्या योजनेत ही ओळ नव्हती. ओठ हलवून गोत्र सांगता येत नाही. राणेबाईंची मान किंचित पुढे आली. आणि माइक हातात धरून बाजूला उभे असलेले कदम, सहज, पानसुपारी पुढे करावी तसे म्हणाले, ‘कश्यप. मोहित्यांचं कश्यप गोत्र.’ राणेबाईंची मान मागे गेली. कदमांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच दया दिसली. ती कोणासाठी होती कळलं नाही. मी त्यांचे उपकार मानले, मनातल्या मनात, खरोखर मानले.

‘आचमन,’ गुरुजी म्हणाले. ‘माझ्यामागून म्हणा. केशवाय नमः.’

मी पळीतलं पाणी हातावर घेतलं आणि ओठ हलवले.

‘ऐकू येत नाहीये, यजमान. सगळ्यांच्या वतीने बसलाय तुम्ही. मोठ्यानं म्हणा.’

कदम दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी माइक माझ्या तोंडासमोर धरला. जाळीवर माझा श्वास वाजला आणि आवारभर पसरला. कुठे डोंगर, कुठे गुहेचा आडोसा. मला फक्त एवढंच वाटलं की सगळे थांबलेत, राणेबाई थांबल्यात, आता लवकर संपायला हवं. मी तोंड उघडलं.

‘केशवाय नमः.’

आवाज आला. भरलेला, मोकळा, गळा सोडून आलेला. तो इमारतीच्या भिंतीवर आपटला, वर चढला, तिसऱ्या मजल्यावर आमच्या बंद खिडकीपर्यंत गेला असणार, कारण त्याला माइक लागत नव्हता. माझ्या शेजारी सरोजिनी दचकली. तिनं हा आवाज चाळीत नवी नवरी म्हणून आली तेव्हा ऐकला होता. रांगेच्या पुढे, पांढऱ्या साडीत. माझ्याकडे तो आहे हे मला माहीत नव्हतं. ‘नारायणाय नमः,’ मी म्हटलं. ‘माधवाय नमः.’ थांबवावंसं वाटलं तरी तो थांबेना. मागच्या रांगेत फ्लॉसीबाईंनी मान वर करून पाहिलं, काहीतरी ओळखीचं ऐकू आल्यासारखं. कदम जमिनीकडे बघत होते.

‘आत्ता कसं!’ गुरुजी म्हणाले.